ब्लॉकचा बैल आणि त्याची पीडीएफ: छंदातून केलेल्या डिझाइनचे पैसे मागावेत का?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा असतो. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून मुलं दारोदार फिरतात आणि घरोघरी त्यांना बोजारा मिळतो, म्हणजे खाऊ किंवा थोडे पैसे. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली असं सांगितलं जातं. बैल घडवणारा सुतार लाकडाचे आणि मजुरीचे पैसे घेतो. वशिंड किती उंच ठेवायचं, शिंगं कशी वळवायची, याचे वेगळे पैसे तो मागत नाही. त्याने शेजारच्या सुताराचा नमुना बघून बैल केला तर त्यालाही कुणी हटकत नाही.

आता समजा, नागपुरातल्याच एखाद्या हौशी माणसाने हा बैल लेगोसारख्या ब्लॉकमधून केला. मान हलते, चाकं फिरतात, पाठीवर झूलही आहे. फोटो पाहून लोक म्हणतात, "मस्तच! कसा केला ते पाठवा ना." इथे प्रश्न उभा राहतो. 'कसा केला' ते असंच पाठवून द्यायचं, की शे-दीडशे रुपये मागायचे?

जगभरच्या ब्लॉकप्रेमींमध्ये हा वाद बरीच वर्षं चालू आहे. एक बाजू म्हणते, छंद आहे, दुकान नव्हे. आपण सगळे एकमेकांचं पाहूनच शिकलो. दुसरी बाजू म्हणते, बैल बघायला पैसे नकोत, पण त्याची कृती लिहून काढणं ही मेहनत आहे.

पैसे नेमके कशाचे?

हा फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण बरीचशी भांडणं इथेच होतात. स्वतःच्या कल्पनेतून केलेल्या अशा मॉडेलला या मंडळींत 'एमओसी' म्हणतात. मॉडेल करणं हा आनंदाचा भाग. त्याची सूचना-पुस्तिका करणं हे मात्र अगदीच रूक्ष काम आहे. आधी सगळं मॉडेल संगणकावर पुन्हा उभं करायचं. मग ते शंभर-दोनशे पायऱ्यांत असं फोडायचं, की दहा वर्षांच्या मुलालाही पुढचा ब्लॉक कुठे बसतो ते दिसावं. प्रत्येक तुकडा त्या रंगात बाजारात मिळतो का, हे तपासायचं. तुकड्यांची यादी करायची. आणि शेवटी कुणाकडून तरी प्रत्यक्ष जोडून घ्यायचं, कारण चाळिसाव्या पायरीवर बैल कोसळला तर शिव्या आपल्यालाच बसणार.

'रिब्रिकेबल'सारख्या संकेतस्थळांवर दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी दिसतात. काही पुस्तिका मोफत, काहींना डिझाइनरने ठरवलेली किंमत. तिथे आणखी एक सोय आहे. तुमच्याकडे कोणता संच आहे ते सांगितलंत, की त्याच तुकड्यांतून दुसरं काय करता येईल ते कळतं.

भारतात ही सोय महत्त्वाची ठरते, कारण इथे तुकडेच महाग आहेत. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के झालं. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं मानक बंधनकारक आहे. देशी उत्पादकांना यातून काय मिळालं हा वेगळा विषय. पण ब्लॉकसाठी काही हजार मोजलेल्या पालकाला वरचे दीडशे रुपये टोचतात. आणि ज्याने ते हजार मोजून, चुकत-माकत डिझाइन केलं, त्याला ते दीडशे फार वाटत नाहीत. दोघांचंही चूक नाही.

सगळं फुकट देणारे अरविंद गुप्ता

'फुकटच द्यावं' म्हणणाऱ्यांसाठी महाराष्ट्रातच एक भक्कम उदाहरण आहे. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरमधून १९७५ साली इंजिनिअर झाले आणि पुण्यात टेल्कोत लागले. पुढे नोकरीतून वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून त्यांनी एक जोडणी-खेळ तयार केला. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी. नळीच्या तुकड्यात दोन टोकांनी काड्या खुपसल्या की सांधा तयार. त्यातून त्रिकोण, चौकोन, घर, घुमट काहीही उभं राहतं. हेही एका अर्थाने ब्लॉकच, फक्त काही पैशांत मिळणारे.

या प्रयोगांच्या पुस्तकाची बारा भारतीय भाषांत भाषांतरं झाली. नंतर त्यांनी आपली खेळणी, त्यांची चित्रमय कृती, व्हिडिओ आणि हजारो पुस्तकं संकेतस्थळावर मोफत ठेवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विदर्भातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक आज त्यांचं कोणतंही खेळणं एक रुपया न देता वर्गात करू शकतो.

पण हे उदाहरण देताना अर्धी गोष्ट सांगायची राहून जाते. गुप्ता यांनी २००३ ते २०१४ या काळात पुण्यातल्या आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत काम केलं. शोधिकेच्या इमारतीचं नाव 'पुलस्त्य', कारण तिच्यामागे पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ दिलेली देणगी आहे. म्हणजे घेणाऱ्याला ते फुकट होतं, पण करणाऱ्याच्या पाठीशी संस्था होती, इमारत होती, सहकारी होते. याने गुप्तांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही. पण दिवसभर नोकरी करून रात्री अकरानंतर पीडीएफ करत बसणाऱ्या माणसाला 'अरविंद गुप्तांसारखं वागा' असं ऐकवण्याआधी हा फरक लक्षात घ्यायला हवा.

कायदा कुणाच्या बाजूने?

थोडक्यात सांगायचं तर पुस्तिकेच्या बाजूने, कल्पनेच्या नाही. कल्पनेवर स्वामित्व हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केलं. 'ब्लॉकचा बैल' ही कल्पना सगळ्यांची. तुमच्या पुस्तिकेतली चित्रं, फोटो आणि मजकूर मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली आपोआप तुमचे. त्यासाठी नोंदणीची गरज नाही. ती पीडीएफ सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं हे उल्लंघन आहे, मग टाकणाऱ्याचा हेतू कितीही प्रेमळ असो. फोटो बघून कुणी स्वतःच्या डोक्याने घरी बैल जोडला, तर ते खासगी वापरात मोडतं. त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

गुंता होतो तो वस्तू विकायला लागल्यावर. कायद्याच्या कलम १५ (२) नुसार, डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी रचना तुम्ही नोंदवली नाही आणि तुम्ही किंवा तुमच्या परवानगीने कुणी ती औद्योगिक प्रक्रियेने पन्नासपेक्षा जास्त वेळा बनवली, तर तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. हीच तरतूद एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स खटल्यात आली होती. वाद गॅस वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या आराखड्यांचा होता. 'कला' कुठे संपते आणि 'उत्पादन' कुठे सुरू होतं हे कसं तपासायचं, याचे निकष न्यायालयाने त्यात घालून दिले. पीडीएफ विकणाऱ्या हौशी माणसाला याची फारशी भीती नाही, कारण घरी हाताने ब्लॉक जोडणं म्हणजे औद्योगिक प्रक्रिया, असं म्हणणं अवघड आहे. पण उद्या एखाद्या कारखान्याला परवाना देऊन बैलाचे दोनशे संच काढायचे असतील, तर आधी डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणी करावी. तिचं संरक्षण दहा वर्षं मिळतं आणि आणखी पाच वर्षं वाढवता येतं. अट एकच, डिझाइन आधी कुठे प्रसिद्ध झालेलं नसावं. म्हणजे कौतुकापोटी फोटो आधी इन्स्टाग्रामवर टाकला, की हा मार्ग बहुधा बंद. योगायोग असा की बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची राजीव गांधी राष्ट्रीय संस्था नागपुरातच आहे.

विटेची स्वतःची कहाणी

पैसे मागणाऱ्यांना कधी कधी चढणारा 'हे माझं, फक्त माझं' हा आवेश उतरवायला लेगोचाच इतिहास पुरेसा आहे. या डॅनिश कंपनीने १९४९ मध्ये आणलेल्या पहिल्या प्लॅस्टिक विटा हिलरी पेज या ब्रिटिश खेळणीकाराच्या 'किडीक्राफ्ट' विटांवर बेतलेल्या होत्या. आतल्या नळ्यांमुळे घट्ट बसणाऱ्या विटेसाठी कंपनीने २८ जानेवारी १९५८ ला पेटंटचा अर्ज केला. किडीक्राफ्टचे उरलेसुरले हक्क तिने विकत घेतले ते थेट १९८१ मध्ये. पेटंटची मुदत संपल्यावर विटेच्या आकारावर ट्रेडमार्क मिळवायचा प्रयत्न झाला, पण २०१० मध्ये युरोपीय न्यायालयाने तो फेटाळला. ज्या विटेवर आपण आपला हक्क सांगतोय, तीच उसनी घेतलेली.

आज हीच कंपनी 'लेगो आयडियाज'मध्ये चाहत्यांची डिझाइन मागवते. दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळालेलं डिझाइन निवडलं गेलं, तर मूळ डिझाइनरला निव्वळ विक्रीच्या एक टक्का मिळतो. एक टक्का कमी की जास्त यावर वाद घालता येईल, पण हौशी डिझाइनला किंमत असते हे कंपनीनेच मान्य केलं आहे. मग तोच माणूस स्वतःहून दीडशे रुपये मागतो तेव्हा तो छंदाचा धंदा करतोय, असं म्हणणं मला पटत नाही.

मात्र काय विकतोय याला महत्त्व आहे. पायरीवार, तपासलेली पुस्तिका असेल तर जरूर पैसे मागावेत. चार धूसर फोटो आणि 'उरलेलं समजून घ्या' असा प्रकार असेल तर मागू नयेत. दुसऱ्याच्या मोफत बैलाला नुसती वेगळी शिंगं लावून आपला म्हणून विकणं तर सरळ चोरी. सिनेमातली यानं, गाड्यांचे ब्रँड यांच्या प्रतिकृती विकताना मूळ मालकाचा हक्क आड येतो, तिथेही जपून. शाळेने किंवा वाचनालयाने मागितलं तर मी तरी पैसे घेणार नाही, कारण तिथे एक प्रत चाळीस मुलांच्या हाती जाते आणि त्यातला एखादा पुढच्या तान्ह्या पोळ्याला आपल्यापेक्षा चांगला बैल घेऊन येतो.

आणि कितीही मागितले तरी काही लोक पीडीएफ फुकट पुढे पाठवणारच. शे-दीडशे रुपयांसाठी कुणी कोर्टात जात नाही. म्हणून किमतीपेक्षा मला पहिल्या पानावरचं नाव जास्त मोलाचं वाटतं. डिझाइन विकलं, वाटलं किंवा पळवलं गेलं, तरी ते आपलं आहे असं सांगण्याचा हक्क कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ करणाऱ्याकडेच ठेवतं. पुस्तिका मोफत टाकणार असाल तरी नाव, वर्ष आणि 'विक्रीसाठी नाही' एवढं प्रत्येक पानाच्या तळाशी लिहायला दोन मिनिटं लागतात. नुसतं पहिल्या पानावर लिहू नका. पुढे पाठवताना तेवढंच पान नेमकं गळतं.