भाकरी साधी, श्रम साधे नाहीत

‘घरी काय, साधंच जेवण असतं!’ मैत्रिणींनो, हे आपणच किती सहज बोलतो. जालना जिल्ह्यात साधं म्हणजे भाकरी, पिठलं, ठेचा. पण पीठ मळायचं, भाकरी थापायची, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं, उलटून जाळावर फुगवायची. माणशी दोन धरल्या तरी सहा जणांच्या घरात दोन वेळच्या चोवीस भाकरी. यात साधं काय आहे?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात. करणाऱ्या पुरुषांची ८८.

हाच स्वयंपाक उंबऱ्याबाहेर गेला तरी त्याचं मोल होत नाही. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईला पगार नाही, ‘मानधन’. केंद्राने २००९ मध्ये ते दरमहा १००० रुपये ठरवलं, तेही वर्षातले १० महिने. राज्याने २०२३ मध्ये २५०० केलं. कामाचे २५ दिवस धरा, रोजचे १०० रुपये! का? तर स्वयंपाक बायांना ‘येतोच’.

मुंबईत गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. चूल हा धंदा आहे, हे त्यांनी ठणकावून सांगितलं.

एकमेकींना वाढून खाण्यात आनंद आहेच. तो सोडायचा नाही. पण मायेच्या नावाखाली मजुरी बुडू द्यायची नाही. पुढच्या बैठकीला डबे जरूर आणा. भाकऱ्या कुणी थापल्या, किती वेळ लागला, तेही मांडा. आणि एक दिवस तरी परातीपुढे घरातल्या पुरुषाला बसवा!