जुनोचं घर

सोळा वर्षांची जुनो वडिलांना आणि सावत्र आईला समोर बसवते आणि आपल्याला दिवस गेल्याचं सांगते. वडील लोकांच्या घरचे हीटर आणि एसी दुरुस्त करणारे, सावत्र आई नखं रंगवून देण्याचं सलून चालवणारी. वडिलांचा चेहरा पडतो. पण कोणी हात उगारत नाही, घराबाहेर हो म्हणत नाही. सावत्र आई आधी तिच्या तब्येतीचं बोलते, कोणत्या गोळ्या सुरू करायला हव्यात ते सांगते. मूल दत्तक घेऊ पाहणाऱ्या जोडप्याला भेटायचा विषय निघतो, तेव्हा वडील म्हणतात, मीही येणार. ‘जुनो’ या चित्रपटाचं सगळं बळ या प्रसंगात आहे. त्याच्याबद्दलची अस्वस्थताही इथूनच सुरू होते.

जेसन राइटमन दिग्दर्शित हा छोटेखानी अमेरिकी चित्रपट २००७च्या अखेरीस आला. एक कोटी डॉलरपेक्षा कमी खर्चात तयार होऊन त्याने जगभरात २० कोटी डॉलरहून जास्त कमाई केली. डायब्लो कोडी यांची ही पडद्यावर आलेली पहिलीच पटकथा, आणि तिला ऑस्कर मिळालं. आज एलियट पेज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलाकाराने साकारलेली जुनो तोंडाची फटकळ आहे. प्रत्येक भीतीवर तिच्याकडे एक चुरचुरीत वाक्य तयार असतं. प्रसूतीनंतर मात्र तिची वाक्यं संपतात. दवाखान्यातल्या खाटेवर ती रडते, आणि तिचा मित्र ब्लीकर काही न बोलता तिच्याशेजारी आडवा होतो. एवढा वेळ ही मुलगी कशाच्या आडोशाने उभी होती, ते तेव्हा कळतं.

हा चित्रपट आवडावा याची कारणं पक्की आहेत. कोवळ्या वयात गरोदर राहिलेल्या मुलीला पडद्यावर बहुतेक वेळा शिक्षा होते. ती मरते, पळून जाते किंवा पश्चात्तापात बुडते. इथे तिला कोणी पापी ठरवत नाही. सोनोग्राफी करणारी बाई जुनोच्या वयावरून टोचून बोलते, तेव्हा सावत्र आई तिला तिथल्या तिथे सुनावते. सावत्र आई आणि मुलगी यांच्या नात्याला इतक्या सरळ मनाने न्याय देणारे चित्रपट थोडेच असतील.

तरीही मन पुरतं रमत नाही, कारण हा हलकेपणा टिकावा म्हणून वाटेतले बरेच दगड आधीच उचलून बाजूला ठेवले आहेत. जुनो मिनेसोटा राज्यात राहते. घरी काहीही न सांगता ती गर्भपाताच्या क्लिनिकमध्ये एकटी जाते. प्रत्यक्षात त्या काळी मिनेसोटात अठराखालच्या मुलीचा गर्भपात करण्यापूर्वी तिच्या आई आणि वडील दोघांनाही ४८ तास आधी कळवावं लागे. ते नको असेल तर मुलीने न्यायाधीशापुढे उभं राहून परवानगी मिळवायची. १९८१चा हा कायदा तिथल्या न्यायालयाने रद्द केला तो २०२२मध्ये. पोटातलं गुपित घेऊन न्यायाधीशासमोर उभी राहिलेली सोळा वर्षांची मुलगी या चित्रपटाच्या जगात कुठेच नाही.

क्लिनिकही असं रंगवलं आहे की तिथून पळून जावंसंच वाटावं. स्वागतकक्षातली मुलगी बेपर्वा आहे. दाराबाहेर उभी असलेली जुनोची वर्गमैत्रीण बाळाला नखं आल्याचं सांगते, आणि जुनो माघारी फिरते. तिचा निर्णय तिचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण इतर सगळ्यांना मायेने वागवणाऱ्या या कथेने, अशा मुलींना रोज धीर देणाऱ्या तिथल्या माणसांना मात्र ती माया दिली नाही.

सर्वांत जास्त खुपतं ते दत्तकाचं प्रकरण. जुनोला बाळाची पुढची खबरबातही नको असते. जुन्या पद्धतीने द्यायचं आणि विसरायचं, असं ती म्हणते. त्या जुन्या पद्धतीचं काय झालं, हे अमेरिकेत तेव्हा लिहिलं गेलेलं होतं. ॲन फेस्लर यांचं ‘द गर्ल्स हू वेन्ट अवे’ हे पुस्तक २००६मध्ये, चित्रपटाच्या वर्षभर आधी, प्रसिद्ध झालं. गर्भपाताला घटनेचं संरक्षण देणारा १९७३चा ‘रो विरुद्ध वेड’ निकाल येण्यापूर्वीच्या दशकांत सुमारे १५ लाख मुलींनी आपली बाळं दिली, आणि त्यांतल्या कितीतरी जणींना ती घरच्यांच्या धाकाने द्यावी लागली. यांपैकी शंभराहून जास्त बायकांशी फेस्लर बोलल्या. तीस-चाळीस वर्षांनीही त्या बाळाचा वाढदिवस मनात पाळत होत्या. जुनोला कोणी भाग पाडलेलं नाही, हा फरक मोठा आहे. पण म्हणून तिचं दुःख एका उन्हाळ्यात निवेल, याची हमी कोणी द्यायची? अखेरच्या दृश्यात ती गिटार घेऊन ब्लीकरसोबत पायरीवर बसून गाते. दृश्य सुंदर आहे, पण फार लवकर आलं आहे.

कोडी स्वतः स्त्रीच्या निवडीच्या अधिकाराच्या बाजूच्या. तरी त्यांच्या जुन्या कॅथलिक शाळेने गर्भपातविरोधी चित्रपट लिहिल्याबद्दल पत्र पाठवून त्यांचे आभार मानले, असं त्यांनीच सांगितलं आहे. जून २०२२मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रो’चा निकाल उलटवला आणि अनेक राज्यांत बंदी आली. निवड हातात असताना लिहिलेली ही गोष्ट निवड गेलेल्या राज्यांत वेगळीच ऐकू येते.

आपल्याकडेही १९७१च्या गर्भपात कायद्यानुसार अठराखालच्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. शिवाय त्या वयातला संबंध पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरतो, त्यामुळे डॉक्टरला पोलिसांना कळवणं भाग असतं. म्हणजे कायदा तिथला तेव्हाचा असो की इथला आजचा, घाबरलेल्या मुलीला तो घराकडेच वळवतो. दार कसं उघडेल, हे मात्र कायद्याच्या हातात नाही. काही घरांत तिला आधी जेवायला वाढलं जातं, काही घरांत आधी मार बसतो, आणि काही घरांत तर तिच्यावरचा अत्याचार त्या चार भिंतींतच झालेला असतो.

म्हणून ‘जुनो’ पाहावा, मुलांसोबत बसून पाहावा, पण गरोदरपण असं असतं हे शिकण्यासाठी नव्हे. ते इतकं सोपं नसतं, हे मुलींना स्पष्ट सांगायलाच हवं. या चित्रपटातून शिकायचं आहे ते आईबापांनी. जुनो हसू शकली, चुकू शकली, आपला निर्णय आपण घेऊ शकली, कारण तिने तोंड उघडलं तेव्हा समोर बसलेली दोन माणसं जागची हलली नाहीत. तशी माणसं आपल्या घरात आहेत, हा विश्वास मुलीला अडचणीच्या दिवशी देता येत नाही. तो फार आधीपासून, रोजच्या बोलण्यातून द्यावा लागतो.