ट्यूनर घ्यावा, कान गहाण ठेवूं नये

कोणतेंहि नवें साधन आपल्या घरांत आलें कीं त्याचें स्वागत दोनच प्रकारांनीं होतें. एक पक्ष त्याला देव्हाऱ्यांत बसवितो, दुसरा त्याला उंबऱ्याबाहेर उभें करतो; आणि त्याची खरी जागा कोनाड्यांत आहे असें सांगणारा मात्र दोघांच्याहि शिव्या खातो. त्या शिव्या खाण्याची तयारी ठेवूनच आम्ही आज लेखणी हातीं घेतली आहे. तंबोरा, सतार किंवा व्हायोलिन शिकणाऱ्या मुलाच्या आईबापांस हल्लीं पहिला प्रश्न पडतो तो हा कीं, वाद्याला चिमट्यासारखा लावावयाचा ट्यूनर कोणता घ्यावा? दुकानदार याचें उत्तर किमतीप्रमाणें देतो आणि वर्गांतले मास्तर सोयीप्रमाणें देतात. आमच्या मतें त्यापूर्वीं दुसराच प्रश्न विचारला पाहिजे: त्या यंत्राकडून काम कोणतें घ्यावयाचें? तें एका तारेपुरतें, म्हणजे षड्जापुरतें घ्यावें. बाकीच्या तारा कानानेंच लावाव्या. आणि ज्या घरांत हा नियम पाळला जाणार नसेल त्या घरांत ट्यूनर न आणणेंच बरें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम सोंवळ्या पक्षाचा समाचार घेऊं. यंत्राला स्वर विचारणें हा गुरुद्रोह आहे असें म्हणणारे गृहस्थ पेटीची काळी एक दाबून तंबोरा लावतात, तेव्हां त्यांना कसलाच विटाळ होत नाहीं. जॉन शोर नांवाच्या इंग्रज वादकानें १७११ सालीं नादकांटा काढला; बाहेरचा एक खात्रीचा स्वर घ्यावयाचा व वाद्य त्याला मिळवावयाचें, ही रीत जुनीच आहे, आणि ट्यूनर हा त्या नादकांट्याचा नातू आहे. शिवाय या नातवाच्या अंगीं एक गुण आजोबांपेक्षां अधिक आहे. कांहीं स्फटिक दाबले असतां त्यांतून वीज निर्माण होते, हें झाक व पिएर क्यूरी या बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें. त्याच धर्माची एक चकती या चिमट्यांत बसविलेली असते, आणि ती हवेंतला आवाज न ऐकतां वाद्याच्या लाकडांतली कंपनें थेट उचलते. खालीं रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट असो, शेजारीं दूरचित्रवाणी गरजत असो, किंवा एकाच खोलींत दहा मुलें दहा सतारी जुळवीत असोत, ट्यूनर ज्या वाद्यावर बसला आहे त्याचेंच ऐकतो. हा गुण आजच्या शहरी बिऱ्हाडांत लहान नाहीं, आणि तो नाकारणें हा निव्वळ हट्ट होय.

मग घ्यावा कोणता? पहिली गोष्ट ही कीं, केवळ गिटारच्या सहा तारा ओळखणारा ट्यूनर आपल्या कामाचा नाहीं. सप्तकांतले बाराहि स्वर ओळखणारा, ज्याला दुकानांत क्रोमॅटिक म्हणतात, तोच मागावा. त्याच्या पाटीवर सा-रे-ग-म बहुधा नसते, इंग्रजी अक्षरें असतात. तेव्हां पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, काळी पांच म्हणजे ए शार्प, असें टिपण एकदां लिहून वाद्याच्या गवसणींत ठेवावें.

दुसरी गोष्ट, त्याचा पायाभूत आंकडा बदलतां आला पाहिजे. ए या स्वराला सेकंदास ४४० कंपनें हें प्रमाण १९३९ सालीं लंडनच्या परिषदेंत ठरलें आणि १९५५ सालीं आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेनें तें उचलून धरलें. पण आजोबांच्या पेटीला तो ठराव कोणी कळविलेला नसतो. जेथें जुनी पेटी आणि तंबोरा एकत्र वाजावयाचे, तेथें हा आंकडा चार-दोन कंपनांनीं वर-खालीं करण्याची सोय हवीच.

तिसरी गोष्ट खर्जाची. काळी एकमध्यें लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सेकंदास सुमारें ६९ कंपनांचा असतो, आणि जवारीमुळें त्यांत मूळ नादापेक्षां वरचे उपस्वरच पुढें येतात. हलकें यंत्र येथें चाचपडूं लागतें. एकाच छेडींत कधीं षड्ज तर कधीं पंचम दाखवितें. म्हणून दुकानांतल्या गिटारवर परीक्षा न घेतां शक्य तर आपलें वाद्य बरोबर न्यावें, इतर तारांवर तळवा ठेवावा आणि खर्ज हलकेच छेडून पाहावा. चौथी गोष्ट चिमट्याच्या जबड्याची. गिटारच्या चपट्या डोक्यासाठीं केलेला जबडा तंबोऱ्याच्या रुंद, वाटोळ्या दांडीवर बसत नाहीं. तो खुंटीला धरील असा, आणि रोगणावर ओरखडा उठूं नये म्हणून आंतून रबर लावलेला असावा. शेवटची गोष्ट वाद्याची नव्हे, घराची आहे. यांपैकीं पुष्कळ यंत्रांत बटणासारखी चपटी सेल असते, आणि ती लहान मुलानें गिळली तर अन्ननलिका भाजून जिवावर बेततें. झांकण स्क्रूनें बंद होणारें नसेल तर तें यंत्र मुलांच्या हातीं लागूं देऊं नये.

येथवर यंत्राचा कैवार झाला. आतां त्याच्या भक्तांचा विचार करूं. आमच्या पाहण्यांतील एका संगीतवर्गांत मुलें येतात, चिमटा लावतात, पाटी हिरवी होईपर्यंत खुंट्या पिळतात आणि चारी तारा हिरव्या झाल्या कीं तंबोरा लागला असें समजून मोकळीं होतात. तारा एकमेकींशीं काय बोलत आहेत इकडे कोणाचेंच लक्ष नसतें. मास्तरांना विचारावें तर ते म्हणतात, वेळ वाचतो. वेळ वाचतो खरा; पण ज्या कामासाठीं मूल वर्गांत आलें तेंच काम वगळून वाचविलेल्या या वेळाचें पुढें करावयाचें काय?

आणि तो हिरवा दिवा तरी खरें सांगतो काय? सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पून त्या प्रत्येकास सेंट म्हणतात. ट्यूनर सप्तकाचे बारा अगदीं सारखे तुकडे करतो, म्हणजे त्याच्या हिशेबीं प्रत्येक स्वर मागच्या स्वराहून बरोबर १०० सेंट वर असतो. पियानोवर कोणत्याहि पट्टींत वाजवितां यावें म्हणून केलेली ही तडजोड आहे, आणि पियानोला ती शोभतेहि. पण तार ही तडजोड जाणत नाहीं. षड्जाशीं दीडपट असलेला शुद्ध पंचम ७०२ सेंटांवर आहे. ट्यूनर ७०० वर हिरवा होतो. षड्जाशीं सव्वापट असलेला गंधार ३८६ सेंटांवर आहे. ट्यूनर ४०० मागतो. पंचमांतली चूक दोन सेंटांची म्हणून फारशी बोचत नाहीं. गंधारांतली चूक चौदा सेंटांची आहे.

चौदा सेंट कोणाला ऐकूं येतात, असा एक उद्धट प्रश्न येथें विचारला जातो. त्याचें उत्तर खुद्द तंबोराच देतो. काळी एकच्या खर्जाचा पांचवा उपस्वर सेकंदास सुमारें ३४६.५ कंपनांचा असतो; चांगल्या जवारीच्या तंबोऱ्यांत कोणी न छेडतां जो गंधार आपोआप बोलतो तो हाच. त्या सप्तकांतला ट्यूनरचा गंधार ३४९.२ कंपनांचा आहे. दोन्ही एकदम वाजले कीं सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे उठतात. सतारीची गंधाराची तरफ हिरव्या दिव्यावर लावून शेजारीं तंबोरा छेडला, तर ती थरथर सहा वर्षांच्या मुलालाहि ऐकूं येते. त्याला ती ऐकावयास सांगितली पाहिजे, इतकेंच. पण सांगणाऱ्यानेंच डोळे पाटीला लावले असतील तर मूल बिचारें काय करणार?

याच हेलकाव्यांत कानाचें सामर्थ्यहि आहे. जोडीच्या दोन तारांत सेकंदास एका कंपनाचा फरक असेल तर सेकंदास एक हेलकावा ऐकूं येतो. फरक कमी होत जातो तसतसा हेलकावा लांबत जातो, आणि शेवटीं दोन तारा एक होऊन नाद स्थिर होतो. आतां एका सेंटापर्यंत अचूक म्हणविणारें यंत्र घ्या. काळी एकच्या जोडींत एक सेंट म्हणजे एका कंपनाचा सुमारें बारावा हिस्सा. यंत्रानें एक तार एका सेंटानें चढी व दुसरी एका सेंटानें उतरी ठेवली, तर दर सहा सेकंदांस एक मंद हेलकावा उरतो. शांतपणें बसून मणी सरकविणाऱ्याला तो कळतो आणि काढतांहि येतो. म्हणजे जेथें यंत्र समाधान पावून थांबतें, तेथून पुढें कान काम करूं शकतो. असा कान प्रत्येक मूल जन्मतः घेऊन येतें. तो वापरला नाहीं तर मात्र बोथट होतो.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाहीं, म्हणूनच त्याचा विसर अधिक लाजिरवाणा वाटतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध करून आपल्या स्वरांचीं प्रमाणें आंकड्यांनीं मांडलीं. त्यांचे सारेच निष्कर्ष सर्वांना मान्य झाले नाहींत. पण स्वर आधीं ऐकावा आणि मग मोजावा, हा त्यांचा क्रम वादातीत होता. पुढें १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमवर बंदी घातली. पेटीचे स्वर बारा सारख्या तुकड्यांचे, त्यांत आपले स्वर बसत नाहींत, हा त्या वेळच्या आक्षेपांतला एक प्रमुख मुद्दा होता. ती बंदी १९७१ सालीं अंशतः उठली, आणि ती मुळांत योग्य होती असेंहि आम्ही म्हणत नाहीं. पेटीवाल्यानें निदान गवयाच्या गळ्याकडे कान देऊन साथ केली. पण ज्यांनीं पेटीला बेसूर म्हणून नाक मुरडलें त्यांच्याच नातवंडांच्या सतारींत तेच बारा सारखे तुकडे आज खुंटीवरून उतरत आहेत, आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढीत नाहीं. पेटी डोळ्यांना मोठी दिसत होती. ट्यूनर अंगठ्याएवढा आहे, म्हणून सुटला!

कोणी म्हणतील, महाग ट्यूनरांत प्रत्येक स्वर हवा तितक्या सेंटांनीं सरकवून ठेवतां येतो. मग तक्रार कसली? सोय चांगली आहे, आणि तरफांच्या गर्दींत जाणत्या वादकाला ती उपयोगीहि पडेल. पण किती सरकवावयाचें हें ठरविणार कोण? गंधार कोठें बसतो हें ज्याला ऐकूं येतें त्यालाच तो आंकडा भरतां येईल. आणि ज्याला ऐकूं येत नाहीं त्याच्या हातीं तें दुसऱ्याच्या कानाचें उसनें माप होय. दुसरे म्हणतील, नवशिक्याला कान नसतो, तोंवर यंत्र असूं द्या. पोहावयास आलें म्हणजे पाण्यांत उतरूं, असें म्हणणाऱ्याला जें उत्तर आपण देतों तेंच येथें द्यावें.

तेव्हां घराघरांतून व्यवस्था अशी असावी. ट्यूनर चिमट्यानें लावावा, जोडीची एक तार यंत्रावर षड्जांत आणावी, आणि लगेच तो काढून कोनाड्यांत ठेवावा. मग दुसरी जोड पहिलीशीं हेलकावा थांबेपर्यंत मिळवावी; त्यानंतर खर्ज, त्यानंतर पंचम; आणि शेवटीं डोळे मिटून खर्जांतून गंधार बोलतो का तें पाहावें. प्रारंभीं या कामास पाव तास लागेल. तो पाव तास वायां गेला असें ज्या पालकांस वाटेल त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, त्या दिवशींचा सर्वांत मोलाचा धडा मुलाला त्याच पाव तासांत मिळाला. मास्तरांनींहि परीक्षेंत लावलेला तंबोरा मुलाच्या हातीं न देतां, उतरलेला तंबोरा द्यावा आणि तो लावावयास सांगावें. ज्याला तंबोरा लावतां येत नाहीं त्याला पुढचे राग शिकविण्याची घाई कोणाला झाली आहे?

यंत्राची सेल आज ना उद्यां संपेल, चिमटा ढिला होईल, नवा नमुना निघाला कीं जुना अडगळींत पडेल. मुलाचा कान मात्र जन्मभर त्याच्याजवळ राहावयाचा आहे. ट्यूनर निवडतांना चार दुकानें हिंडणाऱ्या पालकांनीं त्या कानासाठीं रोजचा पाव तास तरी काढावा, एवढेंच आमचें मागणें आहे.