वॅटचा हिशोब

परवा मामेभावाचा फोन आला. "दादा, स्पीकर घेतले. मागे १०० वॅट लिहिलंय. अ‍ॅम्प्लिफायर ५० चा घेतो म्हणजे सेफ, नाही का? स्पीकर जळायची भीती नाही!"

हो म्हणणार होतो, पण थांबलो. वीसेक वर्षांपूर्वी मी हेच गणित बाबांच्या गळी उतरवलं होतं, आणि ते साफ चुकलं होतं.

बाबा रिटायर झाले तेव्हा त्यांना गाणं ऐकायला चांगली सिस्टिम घेऊन द्यायची असं ठरलं. स्पीकर १०० वॅटचे मिळाले. मी हुशारी करून त्यांना २५ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर जोडून दिला. दोन-तीन वर्षं सगळं छान चाललं. मग बाबांचा हात व्हॉल्युमच्या बटणाकडे जरा जास्तच जायला लागला. तबल्याची थाप फाटल्यासारखी यायची, आणि एक दिवस डावीकडचा ट्वीटर गप्पच झाला. मी चिडून बोललो, "बाबा, एवढा आवाज लागतो कशाला तुम्हाला?" ते काही बोलले नाहीत. सिस्टिमवर कापड टाकलं आणि पेपर उघडला.

आता हिशोब बघा. स्पीकरवरचे १०० वॅट ही त्याची भूक नव्हे, त्याला किती सोसेल त्याची मर्यादा. तो किती वॅटमध्ये किती वाजतो हे सेन्सिटिव्हिटी सांगते, आणि तो आकडा कुणी विचारतच नाही! समजा ती ८६ डेसिबल आहे. म्हणजे एका वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबल. दिवाणखान्यात एवढ्यात शेजारच्याशी बोलायला आपल्याला आवाज चढवावा लागतो. फक्त एक वॅट! मग बाकीचे कशाला? तर गाणं एका पातळीवर चालत नाही. तबल्याची एखादी थाप सरासरीच्या १५ डेसिबल वर उसळते, आणि १५ डेसिबल म्हणजे तीसपट वॅट. सरासरी एक वॅट असेल तर त्या क्षणापुरते ३० हवेत. बाबांनी बटण थोडं फिरवून सरासरी चार वॅटवर नेली की १२०. माझा २५ वाला बिचारा कुठून आणणार?

तो देऊ शकत नाही, म्हणून लाटेचा माथा सपाट कापतो. यालाच क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या लाटेत मुळात नसलेले वरचे स्वर तयार होतात. शिवाय माथे छाटले गेले तरी बाकीचं गाणं वाढतच राहतं. हा सगळा जादा भार जातो ट्वीटरकडे. त्याची कॉइल केसासारख्या बारीक तारेची, ती तापून जाते. म्हणजे मी स्पीकर वाचवायला म्हणून जो लहान अ‍ॅम्प्लिफायर आणला, त्यानेच तो मारला.

माझं मत विचाराल तर आधी स्पीकर ठरवा, त्याची सेन्सिटिव्हिटी आणि ओहम बघा, खोली बघा, आणि मगच वॅट. बीबीसीने आपल्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी केलेला एलएस३/५ए हा छोटा स्पीकर जेमतेम ८३ डेसिबलचा, तर क्लिप्शहॉर्न शंभरच्या वर. एकाला जिथे १०० वॅट लागतील तिथे दुसऱ्याला एकही पुरतो. आणि ५० च्या जागी १०० घेतले तर मिळतात फक्त तीन डेसिबल, म्हणून तेवढ्यासाठी खिसा रिकामा करू नका. पण साधारण सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरला मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणि हलका हात ही जोडी लहान अ‍ॅम्प्लिफायर आणि पिळलेलं बटण यापेक्षा केव्हाही बरी. मोठ्यानेही स्पीकर जळतो, नाही असं नाही. आवाज फाटला की बटण मागे, हा नियम दोघांनाही लागू.

असो. खरी गोष्ट याच्या पुढची आहे. काही वर्षांनी बाबांचे कान तपासले. वरचे स्वर बरेच गेले होते. वयानुसार तेच आधी जातात. तानपुऱ्याची झणक ऐकू येईना म्हणून ते बटण फिरवत होते, आणि आम्ही समजत होतो की म्हातारपणी हौस वाढली! कितीही वॅट आणले असते तरी ती झणक परत आली नसती. ती आली कानातल्या मशीनने. थोडीफार.

मामेभावाला म्हटलं, सेन्सिटिव्हिटी बघून सांग, मग बोलू. आणि घरात कुणी रोज थोडा थोडा आवाज वाढवत असेल तर सिस्टिमच्या आधी कान दाखवून आण.

बाबा हे वाचतीलच. बाबा, तो ट्वीटर तुम्ही नाही, मी जाळला. हे तेव्हाच सांगायला हवं होतं.