इतिहासाचा पत्ता शोधताना

प्राथमिक वर्गांना समाजशास्त्र शिकविणाऱ्या आम्हा शिक्षकांची एक जुनी व्यथा आहे. दरवर्षी सहल निघते, बस नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी थांबते, मुले धापा टाकीत पायऱ्या चढतात, रांगेत उभी राहून आमचे व्याख्यान ऐकतात आणि परतल्यावर निबंधात लिहितात : माकडे पाहिली, भेळ खाल्ली, फार मजा आली. यात मुलांचा दोष नाही. आम्ही त्यांना दाखवायला नेले होते. शोधायचे काम मात्र त्यांच्याकडे दिलेच नव्हते.

हे काम मुलांकडे कसे द्यावे, याचे उत्तर आम्हाला जिओकॅशिंग नावाच्या एका खेळात मिळाले. उपग्रहांवरून स्थान दाखविणाऱ्या जीपीएस यंत्रणेच्या नागरी संदेशात अमेरिकी सरकार पूर्वी हेतुपुरस्सर चूक मिसळीत असे. ती चूक २ मे २००० रोजी काढून टाकण्यात आली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर या गृहस्थाने ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक बादली दडविली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. ज्याला ती सापडेल त्याने आतल्या वहीत नोंद करावी, एखादी वस्तू घ्यावी व आपली एक ठेवावी, एवढाच नियम होता. आज हा खेळ जगभर खेळला जातो. या दडविलेल्या डब्याच्या जागी प्रश्न ठेवला, तर परिसर अभ्यासाचा पाठ होतो, असे आमचे अनुभवान्ती मत झाले आहे.

पहिला प्रयोग मात्र फसला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. शाळेच्या आवारात आम्ही साबणाच्या डब्या दडविल्या आणि त्यांत गोळ्या-चॉकलेट ठेवले. परिणाम असा झाला की, दोन दांडगी मुले सगळ्या डब्या घेऊन आली, लहानगी रडू लागली आणि प्रश्नाची चिठ्ठी कोणी उघडलीही नाही. बक्षीस आम्ही चुकीच्या जागी ठेवले होते. पुढच्या वेळी आम्ही चौघा-चौघांचे गट केले : एकाकडे मोबाइल, एकाकडे नकाशा, एकाकडे प्रश्नवाचन, एकाकडे नोंदवही, आणि प्रत्येक ठिकाणी ही कामे आपसांत बदलायची. एका ठिकाणच्या प्रश्नाचे उत्तर बरोबर आले, तरच पुढच्या ठिकाणाचे अंक मिळत. आता धावण्यापेक्षा वाचणाऱ्याला महत्त्व आले. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर; त्यामुळे एक अंक चुकला की आपण दुसऱ्याच गावच्या शिवारात पोहोचतो, हेही मुलांना फळ्याविना उमगले.

त्यानंतर आम्ही पुन्हा लेण्यांवर गेलो. संरक्षित स्मारकात डबा दडविणे गैर आहे आणि कातळाच्या पोटात जीपीएस चालतही नाही. म्हणून अंक लेण्याच्या दारापर्यंतचे दिले आणि आत फक्त प्रश्न ठेवले. दहाव्या लेण्याच्या ओसरीत नहपानाचा जावई उषवदात याचे ब्राह्मी शिलालेख आहेत. त्यांची देवनागरी प्रत व मराठी अर्थ मुलांच्या हाती होता. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे त्याने ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. पैकी २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. प्रश्न असा होता : २००० च्या व्याजातून वर्षाला किती मिळतील? मुलांनी तिथेच उकिडवे बसून हिशेब केला : महिन्याला २०, वर्षाला २४०. मग पुढची ओळ वाचली. वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण, म्हणजे बरोबर २४०! सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हिशेब आपल्या हिशेबाशी जुळला, तेव्हा त्या ओसरीत जो आनंदाचा कल्लोळ झाला, तो आमच्या कोणत्याही व्याख्यानाने कधी झाला नव्हता.

दुसरा प्रश्न नावाचा होता. लोक या लेण्यांना ‘पांडवलेणी’ म्हणतात. शिलालेख काय म्हणतो? मुलांनी प्रतीत बोट ठेवून ‘त्रिरश्मी’ हा शब्द शोधला आणि त्याच वाक्यात ‘लेण’ हा आपला नेहमीचा शब्दही त्यांना भेटला. पांडवांचा उल्लेख कोठे सापडतो का, असे आम्ही विचारले. एक चौथीतील मुलगा म्हणाला, “सर, मग लोक असं का म्हणतात?” इतिहासाच्या अभ्यासाची सुरुवात याच प्रश्नापासून होते. ऐकलेले आणि कोरलेले यांत फरक असतो, हे नवव्या वर्षी कळलेले मूल पुढे सहजासहजी फसविले जात नाही. आठव्या लेण्यात मुगुदास नावाच्या ‘दासका’चे दान नोंदले आहे. विद्वानांनी या शब्दाचा अर्थ मच्छीमार असा लावला आहे. राजाच्या जावयाच्या शेजारी कष्टकऱ्याचेही नाव दगडावर टिकले, हे आमच्या मुलांनी डोळ्यांनी पाहिले.

पुढचा टप्पा शहरातला. काळाराम मंदिराच्या परिसरातही आम्ही डबा ठेवीत नाही. गर्दीत बेवारस डबा दिसला की लोक घाबरतात. तेथे प्रश्न असतो. २ मार्च १९३० रोजी येथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. नकाशावर या दोन ठिकाणांतले अंतर मोजा आणि दिनदर्शिकेवरही मोजा. पाच वर्षे सात महिन्यांहून अधिक काळ भरतो. एवढा काळ दार का उघडले नाही, याचे उत्तर आम्ही सांगत नाही. सुटीत घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायला सांगतो.

आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. वसतिगृहातील मुलांच्या हाती मोबाइल देऊन त्यांना बिघडवायचे का, असे सहकारी विचारतात. गटाला एकच मोबाइल, तोही सिमकार्डाविना असला तरी चालतो. कारण उपग्रहाचा संदेश घ्यायला इंटरनेट लागत नाही. वेळ जातो, हे खरे. परंतु रटाळ पाठांतरात जाणारा वेळ कोणी मोजतो काय?

आमच्या मते खरी कसोटी वेगळीच आहे : दुसऱ्याने नेमलेली ठिकाणे शोधणारे मूल स्वतः ठिकाण नेमू शकते का? दिवाळीच्या सुटीत आम्ही प्रत्येकाला आपल्या वस्तीतील एका जागेचे अंक व तिची हकीकत आणायला सांगितले. निफाड तालुक्यातील एका मुलीने विहीर आणली. मोबाइलच्या नकाशावर गावातले देऊळ होते, पंचायत होती; वस्तीची विहीर नव्हती. आजी म्हणाली, विहीर तिच्या लग्नाआधीची. कठड्यावर मात्र १९७३ कोरलेले. खरे कोण? मुलीने आणखी एका म्हाताऱ्या शेजाऱ्याला विचारले. विहीर जुनीच होती; मोठ्या दुष्काळानंतर फक्त कठडा नवा बांधला गेला. आजीही खरी आणि दगडही खरा! आणि ही विहीर खणण्यापूर्वी वस्तीला पाणी कसे मिळत असे, हे आजीने त्या रात्री नातीला प्रथमच सांगितले. ती हकीकत मुलीने वहीत चार ओळींत लिहिली आहे. ती वाचताना आम्हाला थांबावे लागले.

ज्यांच्या वस्त्यांना नकाशावर नाव नाही, त्यांची मुले इतिहास आपला नसून दुसऱ्याचा आहे असे समजत वाढतात. अक्षांश-रेखांशांचे दोन आकडे हा समज मोडू शकतात. मात्र त्या आकड्यांमागे पुरावा, विचारपूस आणि लिखित नोंद हवी.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची विनंती आहे. आपल्या गावातील एक विहीर, एक पार, एक समाजमंदिर, एक सभेची जागा निवडा. तिचे अंक आणि ज्येष्ठांकडून ऐकलेली हकीकत, सांगणाऱ्याच्या नावासह, शाळेकडे लिहून पाठवा. जुना, वापरात नसलेला मोबाइल असेल तर तोही द्या. सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. विचारायला मुले तयार आहेत.