लस टोंचण्याच्या दिवशीं डॉक्टरांस काय विचारावें?

पुण्याच्या मार्केट यार्डांत कांद्याचें पोतें एकदां कांट्यावर चढलें कीं त्याचा हिशेब पुरा होतो. त्याच बाजाराच्या आसपास राहणाऱ्या घरांतील मुलाचा हिशेब मात्र एका वजनानें पुरा होत नाहीं. मागील वेळचें वजन शेजारीं मांडलें म्हणजेच आजच्या वजनास अर्थ येतो; आणि हसणें, बसणें, बोलणें ही वाढ तर कांट्यावर येतच नाहीं. ती पाहण्यासाठीं निराळा दिवस काढावयास नको. लस टोंचण्याचे दिवस ठरलेले असतातच; त्या दिवशीं घरच्या डॉक्टरांस चार प्रश्न अधिक विचारावे.

६ आठवड्यांच्या टोंचणीच्या सुमारास मूल माणसाच्या तोंडाकडे पाहून हसूं लागतें. १४ आठवड्यांच्या वेळीं तें मान सांवरूं लागलेलें असतें. ९ महिने पुरे झाल्यावर जी टोंचणी होते, तेव्हां तें आधाराशिवाय बसत असावें व 'बाबा', 'दादा' असे सूर काढीत असावें. १८ महिन्यांचें मूल चालत असावें, मोजके शब्द बोलत असावें, आणि हवी ती वस्तु बोटानें दाखवीत असावें. यांत थोडें मागेंपुढें होणें हा रोग नव्हे. दिवस भरण्यापूर्वीं जन्मलेल्या मुलाचें वय तर पहिलीं दोन वर्षें प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासूनच मोजावें. परंतु एकदां येऊं लागलेली गोष्ट मूल विसरलें, तर पुढील टोंचणीची वाट न पाहतां डॉक्टरांकडे जावें.

मूल बोलत नाहीं म्हटलें कीं, "ह्याचा बापही उशिरांच बोलला," असें घरांतील वडील मंडळी सांगतात. पुष्कळदां तें खरें ठरतें. पण कान तपासल्यावांचून त्यावर विसंबूं नये. बहिरें मूलही पहिले कांहीं महिने हुंकार देतें, हसतें, दार आपटल्याच्या हादऱ्यानें दचकतें. त्यामुळें घरांतील दहा माणसेंही फसतात. निजलेल्या अर्भकाची श्रवणपरीक्षा आज यंत्रानें सहज होते. दोष असल्यास ३ महिन्यांपर्यंत निदान व ६ महिन्यांपर्यंत उपाय सुरू व्हावा, असें तज्ज्ञांचें सांगणें आहे. भाषा कानावाटे येते, आणि ती शिकण्याचे हे दिवस पुन्हा येत नाहींत.

रास्ता पेठेंतील के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं १९८७ ते १९८९ या काळांतील, जन्मतः २००० ग्रॅमहून कमी वजन असलेल्या मुलांची पाहणी थेट १८ व्या वर्षापर्यंत चालविली. १२ व्या वर्षीं त्यांच्या बुद्धिमापनाची सरासरी सामान्य मर्यादेंत भरली. तरी पुऱ्या वजनाच्या मुलांहून ती कमी होती, आणि लेखन व गणित यांत त्यांस अडचण येत होती. तेव्हां असें मूल चालूं-बोलूं लागलें म्हणजे देखरेख संपली, असें समजूं नये.

उष्टावणाची तारीख आपण टिपून ठेवतों. त्याच वहींत पहिलें हसूं, पालथें पडणें, पहिला शब्द यांच्याही तारखा लिहाव्या. डॉक्टर मुलास कांहीं मिनिटें पाहतात. आजी त्यास दिवसभर पाहते. तिचें पाहणें त्या वहींत उतरवून घ्यावें, वजनाच्या तक्त्याबरोबर वहीही न्यावी, आणि "सारें ठीक आहे ना?" एवढ्यावर न थांबतां, "अमुक गोष्ट तें अजून करीत नाहीं, तेवढें आज पाहावें," असें स्पष्ट सांगावें.