नवी भिंत आणि जुनी निविदा

'घर पाहावे बांधून' ही म्हण आपल्या पूर्वजांनी अनुभवावाचून केलेली नाही. एका गृहस्थाची ज्यात दमछाक होते, ते काम सरकारला लक्षावधी कुटुंबांसाठी करावयाचे आहे. घरे लवकर, स्वस्त आणि टिकाऊ व्हावयाची तर बांधकामाच्या पद्धती बदलल्या पाहिजेत, याविषयी दुमत नाही. त्या बदलत का नाहीत, हाच प्रश्न आहे. आमचे इंजिनियर आणि कंत्राटदार जुन्याला चिकटून बसतात, हे सरधोपट उत्तर आम्हांला मान्य नाही. अडसर कल्पकतेच्या अभावाचा नसून सरकारी खरेदीच्या रीतीचा आहे.

नव्या पद्धतींचा दुष्काळ नाही, हे केंद्र सरकारनेच दाखवून दिले. इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा आणि लखनौ या सहा शहरांत सहा निरनिराळ्या पद्धतींनी सुमारे हजार-हजार घरे बांधण्याच्या प्रकल्पांची कोनशिला १ जानेवारी २०२१ रोजी बसविण्यात आली. चेन्नईची १,१५२ घरे मे २०२२ मध्ये पुरी झाली. अन्य काही ठिकाणी त्याहून बराच अधिक काळ लागला. प्रयोग स्तुत्य होता. परंतु प्रयोग संपल्यावर त्या पद्धती नित्याच्या कामांत का रुळू नयेत?

याचे उत्तर निविदेच्या कागदांत सापडते. सरकारी काम दरसूचीप्रमाणे चालते. सूचीत जी बाब नाही तिला दर नाही, आणि दर नाही तिचे अंदाजपत्रक मंजूर करून घेणे महाकठीण. कंत्राटदाराने मागील सात वर्षांत तशाच स्वरूपाची कामे केलेली असावीत, ही नेहमीची अट. जी पद्धत नवी आहे तिने पूर्वानुभव आणावा कोठून? एवढे सोपस्कार पार पडले, तरी शेवटी काम जाते ते बहुधा सर्वांत कमी दर भरणाऱ्याकडे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी निवडक बांधकामांत गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा दिली. दार किलकिले झाले. पण त्यातून आत पाऊल टाकण्याचे धैर्य अधिकाऱ्याने कोठून आणावे? जुन्या पद्धतीची भिंत गळली तर पावसाला दोष देता येतो; नव्या पद्धतीची गळली तर इंजिनियरची चौकशी लागते.

फसलेल्या प्रयोगाकडे कसे पाहावे, याचा धडा आपल्याच इतिहासात आहे. १९४७ च्या फाळणीनंतर घरांची टंचाई दूर करण्यासाठी केंद्र सरकारने दिल्लीत घरांचा कारखाना काढला. गृहनिर्माण संचालक ओटो कोनिग्सबर्गर यांच्या पुढाकाराने तेथे हलक्या काँक्रीटच्या तयार भिंती बनू लागल्या. त्यांना तडे गेले, टीकेची झोड उठली आणि योजना गुंडाळावी लागली. तथापि कारखाना मोडीत निघाला नाही. १९५३ मध्ये त्याची कंपनी झाली आणि पुढे तेथून काँक्रीटचे तयार भाग बाहेर पडू लागले. पहिल्या अपयशालाच अखेरचा निकाल मानले असते, तर ती विद्याही बुडाली असती.

याचा अर्थ नवे ते सारे डोळे मिटून स्वीकारावे, असा नव्हे. १६ मे १९६८ रोजी लंडनमधील रोनान पॉइंट या तयार भिंतींच्या २२ मजली इमारतीत गॅसचा स्फोट झाला आणि तिचा एक कोपरा पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळला. चौघे दगावले. इमारतीत लोक राहावयास येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. ब्रिटनने त्यानंतर बांधकामाचे नियम बदलले. पण गेलेले जीव परत आले नाहीत. आपल्याकडे तर अशा घरांत प्रथम राहावयास जाणारे बहुधा गरीब असतात आणि त्यांना 'नको' म्हणण्याची सोय नसते. प्रयोगाचे श्रेय सरकारने घ्यावे आणि तडे रहिवाशांनी मोजावेत, हे आम्हांला न्याय्य वाटत नाही.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. प्रत्येक राज्याने दरवर्षी काही सरकारी इमारती नव्या पद्धतींसाठी राखून ठेवाव्यात. तेथे पूर्वानुभवाऐवजी प्रयोगशाळेची कसोटी आणि त्रयस्थ तज्ज्ञांची तपासणी असावी, आणि नियमाने वागलेल्या अधिकाऱ्याला अपयशाबद्दल शिक्षा होऊ नये. दुसरी मागणी अशी की अशा प्रत्येक इमारतीची एका, पाच आणि दहा वर्षांनी पाहणी करून गळती, तडे आणि दुरुस्तीचा खर्च यांचा अहवाल लोकांपुढे ठेवावा. तिसरी मागणी गवंड्यांसाठी आणि सेंट्रिंग करणाऱ्यांसाठी आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर कामगारकल्याणाचा उपकर लागू झाला. त्यातून त्यांच्या शिक्षणावर अधिक खर्च व्हावा. नवी भिंत अखेर त्यांच्याच हातांनी उभी राहणार आहे.

पहिल्या घराची जोखीम कोणीतरी घेतल्याखेरीज दुसरे घर स्वस्त होत नाही. ती जोखीम तिजोरीने घ्यावी. रहिवाशाच्या डोक्यावर ती ठेवू नये.